खिशात जास्वंदी ठेवणारे सर

सत्यनारायणाचा प्रसाद हातावर घेऊन "हा कोणी दिला, आणि का दिला?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पूजा आमच्या घरी होती आणि प्रसाद वाढत होत्या माझ्या सासूबाई. त्या चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "देवानं दिला," मी म्हटलं, "आणि तुम्ही खावा म्हणून दिला. खा मुकाट्यानं." त्यांनी खाल्ला, वर आणखी दोनदा मागून घेतला. पण सासूबाईंच्या मनातून ते जे उतरले ते उतरलेच. पुढे कुठल्याही कार्याला मी त्यांचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "तो चौकशी करणारा नको."

ते आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. शाळा जिल्हा परिषदेची. बोईसरहून तारापूरकडे जाताना मध्येच आत वळलं की खाडीच्या काठावर गाव, आणि गावाच्या टोकाला शाळा. निम्मी मुलं मासेमारीच्या घरांतली, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. निम्मी आमच्यासारख्यांची, म्हणजे सातारा, सांगली, जळगावहून कारखान्यांत नाहीतर वीज केंद्रात नोकरीला आलेल्यांची. एका बाकावर 'आमी जातो' आणि दुसऱ्या बाकावर 'आम्ही जातुया', यांच्या मधोमध माझं व्याकरण रोज चेंगरायचं. सर मात्र या मुलखातलेच, माकुणसारचे. लग्न केलं नव्हतं. गावातल्या एका म्हातारीच्या पडवीतली खोली भाड्यानं घेतली होती आणि खोलीपुढे जास्वंदीची चार झाडं लावली होती.

त्या जास्वंदींनी त्यांच्या सगळ्या शर्टांची वाट लावली होती. सकाळी फुलं तोडून ते खिशात कोंबायचे. शाळेत पोचेपर्यंत ती चुरगळायची आणि खिशाला जांभळा डाग पडायचा. नवा शर्ट आठवड्यात जुना व्हायचा. मुलं मागून 'जास्वंद्या' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं. एकदा एका मुलाच्या तोंडून समोरच निघून गेलं तर म्हणाले, "बरोबर आहे. पण फूल आधी आणि मी नंतर."

फुलं देवासाठी नसायची. पाकळ्या पांढऱ्या कागदावर घासायच्या, कागद वाळवायचा आणि त्याच्या पट्ट्या कापायच्या. जांभळट पट्टी लिंबाच्या रसात बुडवली की तांबडी होते, सोड्याच्या पाण्यात बुडवली की हिरवी. हे पुस्तकातही आहे. पण सर पुस्तकाशी थांबायचे नाहीत. आठवीच्या प्रत्येक मुलानं आपापल्या दारचं पाणी बाटलीत भरून आणायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. कोणी विहिरीचं आणी, कोणी नळाचं, खाडीकाठची मुलं खाडीचं. भरतीचं खारं पाणी पट्टीला किंचित हिरवं करायचं. वरच्या अंगाला, औद्योगिक वसाहतीचा नाला खाडीला मिळतो तिथलं पाणी तिला तांबडं करायचं. सर त्यावर एक अक्षर बोलायचे नाहीत. फक्त विचारायचे, "रंग कोणता?" आणि मुलं सांगतील ते फळ्यावर लिहायचे.

ही त्यांची खास तऱ्हा. विज्ञानाच्या तासाला फळा मुलांचा. मास्तर नुसता लेखनिक. स्वतःच्या मनानं ते फळ्यावर काही लिहीत नसत, मुलं चुकली तरी. एका मुलानं हट्टानं सांगितलं होतं की लोहचुंबक तांबं ओढतो. सरांनी लिहिलं, 'लोहचुंबक तांबे ओढतो.' ते वाक्य तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी माझा तास त्याच वर्गात होता, मी पुसायला गेले तर मुलं ओरडली, "बाई, ता पुसायचा नाय!" हेडमास्तरांना धडकी भरली, कारण तपासणी तोंडावर आली होती. शेवटी त्या मुलानं घरी तांब्याच्या तारेचे तुकडे आणि चुंबक घेऊन बसून पाहिलं, आणि एका सकाळी येऊन गुपचूप आपल्या हातानं ते वाक्य पुसलं. सर त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी मास्तरांच्या खोलीत स्पिरिटच्या दिव्यावर सुके बोंबील भाजून सगळ्यांना वाटले. हेडमास्तर माळकरी. ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

मला या माणसाचा राग यायचा. खोटं कशाला सांगू? गाव लहान, शाळा गळकी, पगार उशिरा, आणि यांचं आपलं प्रत्येक गोष्टीत कोणी दिलं आणि का दिलं. सगळ्यात मोठं भांडण झालं ते मुलींच्या मुतारीवरून. आमच्या शाळेत मुलींना आडोसाच नव्हता. मोठ्या मुली सकाळपासून पाणी पीत नसत आणि दुपारी चक्कर येऊन पडत. मी अर्ज करकरून थकले होते. मग वसाहतीतल्या एका रसायनांच्या कंपनीनं मनावर घेतलं आणि बघता बघता पक्क्या भिंतींची, पत्र्याच्या दारांची मुतारी बांधून दिली. मला तर रडूच फुटलं. आणि हे गृहस्थ नव्या भिंतीपुढे उभे राहून म्हणतात, "कोणी दिली? का दिली?"

"सरकारनं दिली नाही म्हणून दिली!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "तुम्हाला आडोसा लागत नाही, म्हणून तुम्हाला प्रश्न सुचतात."

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हे बरोबर आहे, बाई. याला माझ्याकडे उत्तर नाही." आणि खरंच त्या मुतारीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. भांडणारा माणूस असा पटकन कबूल झाला की आपलीच पंचाईत होते.

मुतारीपाठोपाठ रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आला. लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, पेटीवर तांबड्या अक्षरांत 'सप्रेम भेट'. नारळ फुटला, पेढे वाटले. सरांनी पेढा हातात घेतला तेव्हा मी डोळे वटारले, म्हणून काही न विचारता खाल्ला. कंपनीचे एक साहेब दर महिन्याला विज्ञानाच्या कॅसेट आणून देत. माणूस सज्जन होता, हे मी आजही म्हणेन. पुण्याकडचा, बोलायला मृदू, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवणारा. कॅसेटही चांगल्या होत्या. हृदय कसं धडधडतं, ग्रह कसे फिरतात. मी स्वतः मागच्या बाकावर बसून तोंडाचा आ करून बघितल्या.

सर टीव्हीकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून बसायचे. "मी टीव्ही बघत नाही, टीव्ही बघणाऱ्यांना बघतो," म्हणायचे. एकदा कॅसेट चालू असताना ते उठले, टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले आणि शंका विचारायला मुलं करतात तसा हात वर केला. मुलं हसली. सर हात खाली घेईनात. ग्रह फिरले, चंद्र फिरला, संगीत वाजलं, कॅसेट संपली, तोवर ते तसेच उभे. मग हात चोळत मुलांकडे वळून म्हणाले, "माझी एक शंका होती. यांनी काही विचारू दिली नाही." मुलं पुन्हा हसली. मला मात्र त्या दिवशी ते थोडे वेडसर वाटले आणि जरा भीतीही वाटली.

पुढच्या वर्षी एक नवी कॅसेट आली, 'आपली खाडी' नावाची. कंपनीनं ती मुद्दाम आमच्या शाळांसाठी तयार करून घेतली होती. त्यात आमचाच किनारा होता, वाळत घातलेले बोंबील होते, होड्या होत्या. आणि इस्त्रीचा फ्रॉक घातलेली एक मुलगी, जी आमच्या गावची नव्हती, जास्वंदीची पट्टी करत होती. तशीच पाकळी घासून, तशीच कापून. ती खाडीच्या पाण्यात पट्टी बुडवते, पट्टी हिरवी होते, आणि मागून आवाज येतो की उद्योग आणि निसर्ग इथे हातात हात घालून नांदतात. साहेबांनी सरांचा धडा एकदा वर्गात बसून पाहिला होता, मनापासून कौतुक केलं होतं. ते कौतुक असं परत आलं.

सर पहिल्यांदा टीव्हीकडे तोंड करून बसले होते. संपल्यावर म्हणाले, "पाणी कुठून घेतलं, ते दाखवलं नाही."

एवढ्यावर राहिलं असतं तर राहिलं असतं. पण सहामाही परीक्षेला कॅसेटवर प्रश्न आले, कारण हेडमास्तरांनी कंपनीला तसं कबूल केलं होतं. 'खाडीच्या पाण्यात पट्टीचा रंग कोणता होतो?' हिरवा लिहिणाऱ्याला गुण. नाल्याजवळ राहणाऱ्या मुलांनी तांबडा लिहिलं होतं. सरांनी दोन्ही उत्तरांना गुण दिले. हेडमास्तरांनी तांबड्यांचे कापले. मग सर आठवीचा सगळा वर्ग घेऊन नाल्याच्या तोंडाशी गेले आणि मुलांना तिथेच पट्ट्या बुडवायला लावल्या. परतताना मुलं तांबड्या पट्ट्या हातात नाचवत गावातून आली. दुसऱ्या दिवशी तक्रार झाली. शिक्षक मुलांना धोक्याच्या जागी नेतो, उद्योगाविरुद्ध भडकवतो, वगैरे.

चौकशीला वरून एक अधिकारी आले. सोबत कंपनीचे साहेब होते. हेडमास्तरांचा चेहरा रडवेला झाला होता, कारण शाळेला दोन कॉम्प्युटर आणि नवं छप्पर द्यायचं घाटत होतं, ते आता अडलं होतं. अधिकाऱ्यांनी सरांना विचारलं, हे सगळं कशासाठी?

"मी काहीच सांगत नाही," सर म्हणाले. "मुलं बघतात, मुलं सांगतात. मी लिहितो."

साहेब हळूच म्हणाले, "मग मुलांनाच विचारू या की. मला तुमची ही पद्धत फार आवडते, सर."

आणि सरांचा चेहरा खुलला! मी तो चेहरा विसरूच शकत नाही. न्याय करायला कोणी आलं तर त्यानं नेमकं हेच म्हणावं, असं त्यांना वाटत असणार. लगेच म्हणाले, "आठवीच्या वर्गात चला. नाल्याचं पाणी आणतो. मुलं तांबडा म्हणाली तर ही कॅसेट शाळेतून परत न्यायची. हिरवा म्हणाली तर मी पट्ट्यांचा धडा बंद करतो. फळ्यावर येईल ते दोघांनी मानायचं." अधिकाऱ्यांनी हेडमास्तरांकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि मान डोलावली. त्यांना लवकर परतायचं होतं.

आठवीची वर्गशिक्षिका मी, म्हणून मीही गेले. पाण्याची बाटली टेबलावर होती. सरांनी खिशातून पट्टी काढली, सगळ्यांना दाखवली, काचेच्या पेल्यात बुडवली आणि वर धरली. तांबडी. मागच्या बाकावरूनही दिसावी इतकी तांबडी.

"रंग कोणता?"

वर्ग गप्प. हा वर्ग एरवी विज्ञानाच्या तासाला असा कालवा करायचा की माझ्या कविता बुडायच्या. आज एकेकाची नजर बाकावर. साहेब खिडकीशी उभे होते. ते काही बोलले नाहीत, त्यांनी कोणाकडे रोखून पाहिलंही नाही.

सरांनी भारतीला उभं केलं. भारती त्यांची लाडकी विद्यार्थिनी. खाडीकाठचं घर, बाप होडीवर, आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकणारी. सगळ्यात नेटक्या पट्ट्या तिच्या. त्या वर्षी नाल्याचं पाणी पहिल्यांदा वर्गात आणलं होतं तेही तिनंच.

"भारती, रंग कोणता?"

ती पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हिरवा हाय, सर."

"नीट बघ. जवळ ये."

ती जवळ आली. पट्टी तिच्या नाकासमोर होती. "हिरवाच हाय."

सरांनी दुसऱ्याला विचारलं. हिरवा. तिसऱ्याला विचारलं, हिरवा. मग न विचारताच मागून दोघं-तिघं बोलली, हिरवा, हिरवा. मला राहवेना. मी म्हटलं, "साहेब, पट्टी तांबडी आहे. तुम्हाला दिसत नाही का? मला इथून दिसतेय!"

सरांनी मला हातानं थांबवलं. "बाई, तुम्ही या वर्गात शिकत नाही," ते म्हणाले. "फळा त्यांचा आहे."

आणि त्या माणसानं खडू उचलला आणि फळ्यावर आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, 'हिरवा'. मला वाटलं, आता तरी हा फिरेल, ओरडेल, एखाद्याच्या कानाखाली देईल. त्यांनी खडू जागेवर ठेवला, हात झटकले आणि मुलांना म्हणाले, "बसा." तांबडी पट्टी टेबलावर तशीच पडली होती. साहेबांनी चष्मा काढून पुसला, ते खाली बघत होते. अधिकारी म्हणाले, "चला, चहा घेऊ या," आणि सगळे चहाला गेले.

भारतीला मी मधल्या सुट्टीत गाठलं. म्हटलं, "डोळे फुटले होते का गं तुझे?"

"नाय, बाई. तांबडाच व्हता." ती रडत नव्हती. "बाबाला कंपनीत घेतलाय. या महिन्यापासून. आमच्या आळीतल्या चौघांना घेतलाय. काल मुकादम घरी आला व्हता, बोलला, पोरीला सांग काय बोलायचा ता."

"अगं, पण त्याच कंपनीनं तुमची खाडी..."

"ता माहीत हाय, बाई," ती म्हणाली. "खाडीत मासा ऱ्हायला असता तर बाबा कंपनीत कशाला गेला असता?"

मी तिला वर्गात पाठवलं आणि नव्या मुतारीच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

सरांना कोणी काढलं नाही. त्यांनी स्वतःच बदली मागितली, आत डोंगराकडे, जिथे कोणी मागत नाही तिथे. ती लगेच मिळाली. बोईसरच्या एस्टी स्टँडवर त्यांना सोडायला मी आणि माझे यजमान गेलो, बाकी कोणी आलं नाही. एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. शर्टाचा खिसा रिकामा होता.

मला वाटलं, त्यांच्या मनातली पोरीबद्दलची अढी जावी. म्हणून मी भारतीचं बोलणं त्यांना सांगितलं, तिच्याच शब्दांत. त्यांनी ट्रंक खाली ठेवली.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी रस्त्याकडे बघितलं. वसाहतीतली पाळी सुटली होती, सायकलींचा लोंढा चालला होता, कोणी हिंदीत हाका मारत होतं. त्यात आमच्या खाडीकाठची माणसंही होती, कंपनीच्या खाकी कपड्यांत.

"माझी तिच्यावर अढी नाहीच," ते शेवटी म्हणाले. "तिचं कुठे चुकलं, तेच शोधतोय. पहिल्यापासून शोधतोय. तिनं पट्टी बघितली, घर बघितलं, खाडी बघितली. सगळं बरोबर बघितलं. मी शिकवलं होतं त्याच्यापेक्षा पुढचं बघितलं." एस्टी लागली. यजमानांनी ट्रंक वर चढवली. सर पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे वळले.

"तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला एवढं कळतं, आणि कळूनही तिला हिरवाच म्हणावं लागतं. मग मी तिला शिकवायचं काय होतं, बाई? सांगा ना. काय शिकवलं असतं म्हणजे ती तांबडा म्हणाली असती?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी काहीतरी बोलावं म्हणून ते अजून दाराशीच उभे होते, मागचे लोक त्यांना आत ढकलत होते. मी खाली राहिलेली वळकटी त्यांच्या हातात दिली, आणि गाडी निघाली.